गोदावरीच्या पात्रातली नर्सरी

सोमवार, ६ जानेवारी

नोकरीत असताना साइटची डायरी लिहावी लागे. कोण आलं, काय मोजलं, पाऊस होता का. निवृत्त झालो आणि ती सवय सुटली. आज चैतालीने, म्हणजे आमच्या सूनबाईंनी, माझ्यासमोर कोरी डायरी ठेवली. म्हणाली, अप्पा, माझ्या कामाच्या नोंदी कुणीतरी ठेवायला हव्यात, मला वेळच होत नाही. म्हणजे आयुष्यभर ड्राफ्ट्समन म्हणून नकाशे काढले आणि आता सुनेचा कारकून झालो. नाही म्हणणार होतो, पण पोरीचा चेहरा बघून गप्प बसलो.

तिचं काम मोजणीचं आणि नकाशांचं. कंपनीने माणसं कमी केली त्यात तिची नोकरी गेली. दुसरीकडे अर्ज करायचं सोडून बाईंनी इंदिरानगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलावरच ऑफिस थाटलं. आता जेवायला ताट मांडीवर घ्यावं लागतं. मुलगा ओम पुण्यात नोकरीला, शनिवारी येतो. आठवडाभर आम्ही दोघंच. बायको, छाया, गेल्यापासून मी फारसा खाली उतरत नाही. गरजही पडत नाही, दूधवाला वर येतो.

धंदा चालेल असं मला वाटत नाही. तसं तिला म्हणालो नाही.

मंगळवार, ७ जानेवारी

पहिलं गिऱ्हाईक आलं. सायखेड्याची कौसर, वय तिशीच्या आसपास, बोलायला चटपटीत. घराला लागून असलेल्या जमिनीत टोमॅटो, मिरची, झेंडूची रोपं तयार करते आणि आसपासच्या शेतकऱ्यांना विकते. आतापर्यंत सगळं हिरव्या जाळीखाली चालायचं. गेल्या उन्हाळ्यात निम्मी रोपं करपली, वळवाच्या वादळात जाळीही उडाली. आता तिला उन्हाळ्याआधी पक्की शेड हवी आहे.

अडचण अशी की परवानगीचा अर्ज परत आला. सोबत जोडलेला नकाशा कुणा खाजगी माणसाकडून करून घेतला होता, आणि त्यात तिची जागा पूररेषेत दाखवली होती. नकाशावर पूररेषा निळी असते, त्या निळ्या रेषेच्या आत शेती चालते, पक्कं बांधकाम चालत नाही. शेड झाली नाही तर नर्सरी बंद करून विंचूरला दुसऱ्याच्या नर्सरीत रोजाने जायचं, असं तिने ठरवलंय. नवरा निसार टेम्पो चालवतो. त्याचंही तेच म्हणणं. वर्षानुवर्षं रोपं करपलेली बघण्यापेक्षा ते बरं.

मी नकाशा चष्म्याजवळ नेऊन बघितला. पूररेषा कसली, नर्सरी थेट गोदावरीच्या पात्रात बसवली होती.

“काका,” कौसर म्हणाली, “आम्ही काय मासे लावतो का?”

मला हसू आलं. पुष्कळ दिवसांनी आलं, म्हणून नोंदवतो.

भानगड माझ्या लगेच लक्षात आली. पूररेषेची ती शीट जुन्या मापाची आहे. जुन्या नकाशांत पृथ्वीचा गोळा एका आकाराचा धरलाय आणि सगळी मापं मध्य प्रदेशातल्या कल्याणपूरच्या एका खुणेपासून काढलीत. हल्लीची यंत्रं उपग्रहाकडून आकडे घेतात आणि गोळा वेगळा धरतात. त्यामुळे एकाच बांधावरच्या एकाच दगडाचे आकडे दोन येतात. त्या शहाण्याने नवे आकडे तसेच जुन्या शीटवर मांडले आणि जागा दोन-अडीचशे मीटर सरकून नदीत पडली.

हे चैतालीला समजावून सांगितलं. तिने अगदी लक्ष देऊन ऐकलं, मध्येमध्ये प्रश्नही विचारले. म्हणजे गोळे वेगळे कसे, अप्पा? याच विषयात तिने एम.टेक. केलंय. हल्लीच्या शिक्षणाबद्दल न बोललेलं बरं.

गुरुवार, ९ जानेवारी

चैताली म्हणाली, यंत्र जड आहे, मला एकटीला झेपणार नाही. त्यामुळे तिच्या स्कूटरवर मागे बसून सायखेड्याला जावं लागलं. यंत्र एवढंसं, टिफिनच्या डब्यापेक्षा हलकं. आमच्या वेळी कोन मोजायचं थिओडोलाइट उचलायला दोन गडी लागायचे. हल्लीच्या मुलांच्या अंगात ताकदच उरलेली नाही.

जमिनीच्या कोपऱ्यांवर उभं राहून आकडे घेतले. जाताना पुलावरचा एक बिंदूही घेतला, तो चैतालीने घ्यायला लावला. मी विचारलं, पुलाला शेड बांधायचीय का? म्हणाली, असू दे अप्पा, कामाला येईल.

कौसरची सासू खातूनबी दारात खाट टाकून बसली होती. आतून चहा मागवला, आल्याचा झणझणीत. फार बोलली नाही. आम्ही कुठे उभे राहतो, कुठे वाकतो, सगळं बारकाईने बघत होती. निघताना एवढंच म्हणाली, “नीट मोजा भाऊ. पोरीनं लय मन लावलंय.”

ऊन चांगलं होतं. थंडीतलं ऊन अंगावर घेणं मी विसरूनच गेलो होतो.

शनिवार, ११ जानेवारी

आज त्या काळ्या खिडकीशी गाठ पडली. चैतालीच्या लॅपटॉपवर एक प्रोग्रॅम आहे, त्याचं नाव सीएस टू सीएस. ना चित्र, ना बटण. काळी पाटी, पांढरी अक्षरं. या मापातून त्या मापात असा हुकूम टाइप करायचा, खाली आपले आकडे द्यायचे, की तो बदललेले आकडे काढून देतो. चैताली म्हणाली, मी नकाशाची मांडणी करते, अप्पा, तुम्ही एवढं आकड्यांचं बघाल का, मला हे कंटाळवाणं होतं.

हुकूम टाइप करून एंटर मारलं. काहीच झालं नाही. एक पांढरी रेघ लुकलुकत राहिली. मी वाट बघत बसलो. चहा घेतला. पेपर वाचला. रेघ लुकलुकतेच आहे. शेवटी चैतालीला हाक मारली की तुझा प्रोग्रॅम मेला. ती आली आणि म्हणाली, अप्पा, तो तुमची वाट बघतोय, आकडे द्या ना त्याला. असं गप्प बसून वाट बघणारं यंत्र मी पहिल्यांदाच पाहिलं.

मग दिले. ड्राफ्ट्समनच्या हाताला वळण असतं, आधी आडवा आकडा, मग उभा. तसेच दिले. उत्तर आलं ते भलतंच. चैतालीने तो बिंदू पृथ्वीच्या नकाशावर दाखवला. रेखांश आधी टाकल्यामुळे प्रोग्रॅमला वाटलं आम्ही चौऱ्याहत्तर अंश उत्तरेला आहोत. कौसरची नर्सरी नॉर्वेच्याही वर, बर्फाच्या समुद्रात. नदीतून निघाली ती समुद्रात पोचली.

ओम नुकताच पुण्याहून आला होता. तो सोफ्यावर पडून हसत होता, चैतालीही हसत होती. जरा वेळ अपमान वाटला. मग मीही हसलो. शाळेत अक्षांश-रेखांश अशीच घोकंपट्टी केली होती, त्याच क्रमाने द्यायचे होते, दुसरं काही नाही.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. छाया गेल्याला वर्ष व्हायचंय, त्यामुळे आमच्याकडे सण नाही. तरी शेजारच्या लताबाई तिळगूळ देऊन गेल्या. छाया हलवा करायची तेव्हा बोटं भाजून घ्यायची आणि माझ्यावर चिडायची. आज फार आठवण आली. काम केलं नाही.

बुधवार, १५ जानेवारी

झालं. कोपऱ्यांचे सगळे आकडे जुन्या मापात आणले. चैताली विंचूरला दुसऱ्या मोजणीला गेली होती, घर शांत होतं, काम झकास झालं.

काळ्या खिडकीवर सगळा भार टाकायला मी काही खुळा नाही. आमच्या ऑफिसात उपग्रहाची यंत्रं आली तेव्हा मोठ्या साहेबांनी फळ्यावर एक फरक लिहून ठेवला होता. प्रत्येक आकड्यातून तेवढा वजा केला की बिंदू जुन्या शीटवर बरोबर बसायचा. निवृत्तीपर्यंत मी तेच केलं, तो फरक अजून तोंडपाठ आहे. आजही आधी तो हाताने वजा केला, मग प्रोग्रॅमला दिले. दोन्हीकडून पक्कं.

आणि काय सांगू! अख्खी जागा निळ्या रेषेच्या बाहेर. काठावर नव्हे, चांगली ऐसपैस बाहेर. शीटवर पेन्सिलने चौकोन आखला.

चैताली संध्याकाळी येणार. तोवर कसला दम निघतोय. कौसरला फोन केला. म्हटलं, तुमची जागा रेषेबाहेर आहे, बांधा शेड. तिने फोन सासूला दिला, सासूने निसारला. तिघांशी बोललो. निसार म्हणाला, काका, उद्याच खड्डे घेतो खांबांचे. म्हटलं, घ्या.

चैतालीला आल्या आल्या सांगितलं. तिचा चेहरा खुलला, पण लगेच म्हणाली, पुलाचा बिंदू टाकून बघितलात का? म्हटलं, उद्या बघू. जेवताना ती जरा गप्प होती. दमली असेल.

शुक्रवार, १७ जानेवारी

लिहायला नको वाटतंय. तरी लिहितो.

काल दिवसभर टाळलं, आज सकाळी पुलाचा बिंदू टाकला. त्याच पद्धतीने, आधी हाताने, मग प्रोग्रॅमने. शीटवर मांडला. पूल उसाच्या फडात. सायखेड्याचा पूल, ज्यावरून आम्ही स्कूटरने आलो, तो नदी सोडून कुणाच्या तरी उसात जाऊन उभा राहिला.

जरा वेळ मी शीटलाच दोष देत होतो. छपाई चुकली असेल, कागद ताणला गेला असेल. मग साहेबांचा फरक न घालता तोच बिंदू नुसता प्रोग्रॅमला दिला. पूल नेमका नदीवर, दोन्ही काठांना टेकून.

म्हणजे जे सरकवणं मी हाताने करत होतो, तेच तो प्रोग्रॅमही करत होता. एकाच जागेला मी दोनदा ढकललं. माझ्या हाताच्या सवयीने एका घराला खोटी आशा लावली, तीही फोन करून.

मग कोपरे पुन्हा केले. या वेळी फक्त प्रोग्रॅमने. नर्सरी नदीत नाही, हे खरं. पण निळी रेषा जमिनीला तिरकी चिरत जाते. बहुतेक भाग आत. रस्त्याकडचा वरचा एक कोपरा तेवढा बाहेर राहतो. शेड बसेल इतका, जेमतेम.

चैतालीला सांगितलं. ती रागावेल असं वाटलं होतं. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने शीट बघितली, माझे सगळे आकडे स्वतः एकदा चालवून बघितले, म्हणाली, आता बरोबर आहे. मग म्हणाली, फोन मी करू का? म्हटलं, नको. फोनवर सांगून झालं तेवढं पुरे. जाऊन सांगतो.

शनिवार, १८ जानेवारी

सायखेड्याला जाऊन आलो.

निसारने खरंच खड्डे घेतले होते. अंगणात लोखंडी खांब आणून टाकले होते. कौसर हसत पुढे आली, तिच्या हातात शिरखुर्म्याची वाटी होती. घरात सणाशिवाय शिरखुर्मा केला होता. ती वाटी हातात घेऊन मी सांगितलं. बसूनही घेतलं नाही, उभ्यानेच सांगितलं. चूक माझी आहे, प्रोग्रॅमची नाही, चैतालीचीही नाही. खड्डे आहेत तो सगळा भाग रेषेच्या आत येतो.

कौसर खड्ड्यांकडे बघत राहिली. निसारने विचारलं, म्हणजे काहीच होणार नाही का? म्हटलं, होईल, वरच्या कोपऱ्यात होईल. चैतालीने यंत्र लावलं आणि आम्ही रेषा जिथून जाते तिथे चुन्याची फक्की ओढली. तेव्हा कुठे मला दिसलं की वरच्या कोपऱ्यात काय आहे.

गावठी गुलाबाची बाग. छातीएवढी झाडं, बुंधे मनगटासारखे जाड. खातूनबीच्या नवऱ्याने लावलेली. तो गेल्यावर तिने याच फुलांवर घर चालवलं. पहाटे तोडायची, सकाळच्या गाडीने नाशकात पाठवायची. त्यातली थोडी दर्ग्यात जातात, बाकीची हारवाल्यांकडे. मागच्या वेळी मी तिथूनच चाललो होतो आणि त्यांच्याकडे बघितलंही नव्हतं, माझं लक्ष आकड्यांत.

कौसर म्हणाली, “नको. अम्मांची बाग काढून मला शेड नको.” आणि आत निघून गेली. खातूनबी चुन्याच्या रेघेपाशी जाऊन उभी राहिली होती.

शिरखुर्मा संपवला. टाकणं बरं दिसलं नसतं.

रविवार, १९ जानेवारी

हे काम सोडावं असं मनात आलं. चैतालीला तसं म्हणालो. म्हटलं, तुला माझ्यापेक्षा चांगला माणूस मिळेल. ती भाजी निवडत होती. म्हणाली, अप्पा, आकडे बघायला हवेत की नाहीत? पूल टाकून बघायचं माझ्याही लक्षात राहत नाही पुष्कळदा. हे ऐकून जरा बरं वाटलं. बिचारीला खरंच एकटीला जमणार नाही.

तरी कौसरचं काय, हे मनातून जात नाही. माझ्या चुकीने तिचं काही गेलं असं नाही, जागा होती तिथेच आहे. पण तीन दिवस तिला शेड मिळाली होती आणि ती मीच काढून घेतली.

मंगळवार, २१ जानेवारी

दुपारी फोन वाजला. खातूनबी. तिने स्वतः लावला होता, मागे कौसरचा आवाज नव्हता.

विचारलं, “भाऊ, त्या रेघेच्या आत झाड लावलेलं चालतं का?”

म्हटलं, चालतं. शेती चालते, बाग चालते, फक्त बांधकाम नको.

“मग माजे गुलाब खाली नेते. शेड वर घ्या.”

मी म्हटलं, बाई, खाली पुराचं पाणी येतं. झाडं जुनी आहेत, उपटल्यावर जगतील का सांगता येत नाही. जगली तरी एखाद्या पावसाळ्यात पाण्यात जातील.

ती म्हणाली, “जाऊ द्या. गुलाब काय, फांदी खोचली तरी येतो. शेड पाण्यात गेली तर पोरगी नाय उभी राहायची परत. ती विंचूरला रोजानं गेल्यावर मी ती फुलं कुणासाठी तोडू?”

तिनेच पुढे विचारलं, कौसर ऐकत नाही, तुम्ही येऊन खुंट्या ठोकाल का? खुंट्या ठोकल्या की ऐकेल. शनिवारी येतो म्हणालो.

फोन ठेवल्यावर बराच वेळ गॅलरीत उभा होतो. ही बाई नवऱ्याच्या हातची बाग सुनेसाठी उचलून खाली ठेवायला निघाली आहे आणि बोलली ती भाजीवालीशी बोलावं तसं. मी छायाच्या साड्यांचं कपाट अजून उघडू दिलेलं नाही.

गुरुवार, २३ जानेवारी

नवा नकाशा तयार झाला. या वेळी पूल, आणि गेल्या शनिवारी परतताना घेतलेले देवळाचा ओटा व मैलाचा दगड, असे तीन बिंदू टाकून बघितले. तिन्ही जागच्या जागी बसले, तेव्हाच कोपरे काढले. साहेबांचा फरक कागदावर लिहून काढला आणि तो कागद फाडून टाकला, म्हणजे हात पुन्हा तिकडे जाणार नाही. तोंडपाठ आहे त्याला काही इलाज नाही.

चैतालीने नकाशावर सही केली. खाली गणित तपासणारा म्हणून माझं नाव टाकलं होतं. म्हटलं, हे कशाला. म्हणाली, नियम आहे. असेल.

शनिवार, २५ जानेवारी

ओमलाही बरोबर घेतलं. गाडीने गेलो, कारण कुदळी होत्या.

वरच्या कोपऱ्यात मी आकडे वाचले, चैताली यंत्र घेऊन सरकत गेली, ओमने खुंट्या ठोकल्या. नदीकडची शेवटची खुंटी रेषेच्या अगदी जवळ आली. मी ती जागा तीनदा तपासली. खातूनबीने विचारलं, किती अंतर सुटतंय? मी हात पसरून दाखवला. म्हणाली, बास झालं.

कौसर घरातून बाहेर यायला तयार नव्हती. खातूनबीने तिला हाक मारली नाही. तिने पदर खोचला, निसारच्या हातातून कुदळ घेतली आणि पहिल्या झाडाच्या बुंध्याभोवती स्वतः घाव घातले. तीन-चार घावांनी दमली. कुदळ मी घेतली. माझाही दम लगेच संपला, पण मग निसार आणि ओम होते. मुळांना मातीचा गोळा ठेवून झाड उचलायचं, गोणपाटात बांधायचं, खाली न्यायचं, आधीच्या खांबांच्या खड्ड्यांत लावायचं. निसारने शेडसाठी घेतलेले खड्डे गुलाबांना पुरले. उगाच घेतलेले नव्हते म्हणायचे.

तिसरं का चौथं झाड निघालं तेव्हा कौसर आली. रिकाम्या झालेल्या मातीत, चार खुंट्यांच्या मधोमध बसली आणि रडायला लागली. खातूनबी झाडाची मुळं झाकत होती, तिने मानही वर केली नाही.

“रडून घे आता,” ती म्हणाली. “पुढं टाइम नाय भेटायचा. टमाट्याचं बी टाकायचंय.”

कौसर रडता रडता हसली. डोळे पुसले आणि उठून झाडाची दुसरी बाजू धरली.

दुपार कलेपर्यंत बाग खाली गेली. फांद्या छाटल्यामुळे सगळी झाडं बोडकी दिसत होती. जगतील का? खातूनबीला विचारलं नाही. ती त्यांना पाणी घालत होती, आणि तेवढं पुरेसं होतं.

घरी येईपर्यंत जाणवलं नाही. आता बोटांत काटे सलतायत, पेन नीट धरवत नाही. सुईने काढून देते म्हणून चैताली समोर येऊन बसली आहे. नेहमीसारखं नको म्हणणार होतो. हात पुढे केला.